आडवं घड्याळ

“भुयार इथं संपतं,” शिरीष म्हणाला. “समोर दार. कडी नाही, कुलूप नाही. दाराच्या मधोमध पितळी सिंहाचं तोंड, जबडा उघडा, आत घशाशी एक कडं दिसतंय. डाव्या भिंतीला नुसती ओल. उजव्या भिंतीवर हत्ती कोरलेत ओळीनं, सगळ्यांच्या सोंडा तुमच्याकडं. आणि मागून पाणी चढायलंय. बोला आता.”

हे ‘बोला’ दिग्याला आणि शाहीनला होतं. मला नव्हतं. मला फक्त मान हलवायची असायची.

कोल्हापुरात मंगळवार पेठेत शिरीषचं घर होतं, आणि गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी एक पत्र्याची खोली. दर रविवारी दुपारी आम्ही तिथं खेळायचो. ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. कुणी योद्धा, कुणी वैद्य, कुणी चोर. आपला माणूस काय करतो ते तुम्ही सांगायचं, ते जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. पटावर सोंगट्या सरकवायच्या नाहीत. सगळं तोंडाने. तोंडाने, हे लक्षात ठेवा.

शिरीष बँकेत होता, आणि गोष्ट तो चालवायचा. दिग्या म्हणजे दिग्विजय, माझा शाळेपासूनचा मित्र, वडिलांचं औषधाचं दुकान बघायचा आणि खेळात योद्धा असायचा. शाहीन मुजावर शिरीषच्या बँकेत मिरजेहून बदलून आली होती. तिचा हा दुसराच रविवार. ती वैद्य. आणि मी भरतेश चौगुले, गुळाच्या पेढीवर हिशेबाला, खेळात चोर.

चोराचं काम सापळे सोडवायचं. आणि आमच्या टेबलावर सापळ्याचा एक नियम होता. शिरीषनं तो स्वतः काढलेला, त्यामुळं त्याला त्याचं भारी कौतुक. नुसतं ‘मी सापळा सोडवतो’ म्हणून चालायचं नाही. कसा सोडवतोस ते सांगायचं. कुठं बसलास, कुठला हात घातलास, आधी काय, मग काय. कुठल्याशा जुन्या खेळाच्या डब्यातलं वाळूचं घड्याळ तो उलटं करायचा, आणि वाळू सरायच्या आत तुमचं सांगून व्हायला पाहिजे. चांगलं सांगितलंत तर फाशावर लहान आकडा पडूनही सापळा सुटायचा, भोंगळ सांगितलंत तर गेलातच. आणि एकदा तोंडातनं शब्द गेला की गेला. “बोललं ते झालं,” असं शिरीष म्हणायचा आणि दुसऱ्यांदा विचारायचा नाही. मग मिक्सरच्या खोक्याचा पुठ्ठा उभा केला होता, त्याच्यामागं तो स्वतः फासा टाकायचा. सापळा खरंच सुटलाय का नाही हे चोराला आधी कळू नये म्हणून.

नियम सगळ्यांना होता. एकट्या चोराला सोडून.

कारण मी बोलताना अडतो. लोक तोतरं म्हणतात. म्हणू देत. लिहिताना बघा कसा सरळ चाललोय, पण तोंड उघडलं की शब्द दाराशी येऊन उभा राहतो आणि बाहेर यायचं नाव घेत नाही. त्यातही भ आणि क. आणि माझं नावच भ वरनं! बारशाला आत्याला दुसरं अक्षर सापडलं नाही.

म्हणून पहिल्याच रविवारी शिरीष म्हणाला होता, “भरत्या, तू सांगायचं काही नाही रे. तू नुसती मान हलव, मी फासा टाकतो.” मी मान हलवली. सगळ्यांना बरं वाटलं. मलाही वाटलं, खोटं कशाला बोलू.

आणि दिग्या. दिग्यासारखा मित्र मिळायला भाग्य लागतं असं माझी आई म्हणायची. शाळेत मला चिडवणाऱ्या पोरांना त्यानं बडवलंय. पण त्याला एक खोड. माझा शब्द अडला की पुढचा तो पुरवायचा. मी ‘क’ म्हटलं की हा गाडीवाल्याला सांगून मोकळा, “ह्याला कटवडा!” मला कांदाभजी पाहिजे असायची. पण अडलेला शब्द परत ढकलत बसण्यापेक्षा समोर आलेला कटवडा गिळणं सोपं. कटाचा तिखटजाळ रस्सा मला सोसत नाही. वर्षानुवर्षं खाल्ला मी तो, नाक पुसत पुसत, आणि दिग्या सगळ्यांना सांगायचा, “भरत्याला कटवडा म्हणजे जीव की प्राण.”

खेळातल्या माझ्या चोराचं नावसुद्धा असंच पडलं. पहिल्या दिवशी शिरीषनं नाव विचारलं, मी “म... म...” करत होतो, आणि दिग्या टाळी वाजवून म्हणाला, “मुंगूस! नाद खुळा नाव!” सगळे हसले. शिरीषनं लिहूनही टाकलं. झालो मुंगूस.

पण मुंगूस होता मात्र नशीबवान. टाकीच्या सिमेंटवर शिरीष मेलेल्यांची नावं खडूनं लिहायचा. कुणाचं कॅरेक्टर मेलं की खेळणाऱ्यानं उभं राहायचं, त्याचं नाव मोठ्यानं घ्यायचं, सगळ्यांनी आपल्या पेल्यातलं थोडं सरबत गच्चीवर ओतायचं आणि नाव टाकीवर जायचं. टाकीवर दिग्याच्या योद्ध्यांची ही एवढी रांग लागली होती. शाहीनचा पहिला वैद्य तर पहिल्याच रविवारी गेला, पेटीचं झाकण उघडताना. माझं एकही नाव नव्हतं. वर्षभरात मुंगूस एकाही सापळ्यात अडकला नाही. घरी जेवताना मी हे आईला पुन्हा पुन्हा सांगायचो. तिला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण मी काहीतरी जिंकतोय एवढं कळायचं आणि ती आणखी एक भाकरी वाढायची.

तर त्या दिवशी सिंहासमोर शिरीषनं नेहमीसारखं विचारलं, “भरत्या, टाकू ना?” मी मान हलवली. पुठ्ठ्यामागं फासा खडखडला.

“सुटला!” शिरीष म्हणाला. “मुंगूस तो मुंगूसच!”

“तीन पडलाय की,” शाहीन म्हणाली.

पत्रा तापल्यामुळं ती त्या दिवशी पंख्याखाली सरकून बसली होती, शिरीषच्या खांद्यालगत. पुठ्ठ्याची आतली बाजू तिला दिसत होती.

“न्हाई, ते...” शिरीष म्हणाला.

“तीन आहे. मी बघितलं. मला गेल्या रविवारी सतरा पडले तरी मेले मी, डावा हात का उजवा ते सांगायचं राहिलं म्हणून. आणि ह्यानं तोंडसुद्धा उघडलं नाही, आणि तीनवर सुटला?” ती माझ्याकडं वळली. “काय रे, तू जावई आहेस काय ह्यांचा?”

खरं सांगतो, त्या क्षणी मला ती बाई अतिशय आवडली. कोण जाणे किती वर्षांनी माझ्यावर कुणीतरी सरळ चिडलं होतं. मला उत्तर द्यायचं होतं. भांडायचं होतं. शब्द येत होता, थोडं थांबायला पाहिजे होतं.

“शाहीन, तसं नाही,” दिग्या मध्ये पडला. आवाज खाली घेतला त्यानं. मी तिथंच, हातभर अंतरावर, आणि हा आवाज खाली घेतोय! मी अडतो, बहिरा नाही. “त्याला बोलायला जरा त्रास होतो. म्हणून आम्ही थोडं सांभाळून घेतो. एवढंच.”

आणि तिचा चेहरा बदलला. मी बघत होतो. राग गेला, भुवया खाली आल्या, ओठांवर ते मऊ हसू आलं. ते हसू मी ओळखतो. बँकेत, दवाखान्यात, पाहुण्यांत, सगळीकडं मला ते फुकट मिळतं.

“सॉरी हं,” ती म्हणाली. हळू, एकेक शब्द सुटा करून. “मला माहीत नव्हतं. असू दे, असू दे. तुम्ही खेळा.”

तू वरनं ती तुम्ही वर गेली. आत्ता तर जावई म्हणत होती! दोन वाक्यांत मी वाकून बोलायचा माणूस झालो.

माझ्या कानशिलात आग पेटली.

“क... क...”

“कसं कळलं तिला?” दिग्यानं पुरवलं.

“कधी-पासून?” मी म्हणालो. शिरीषकडं बघून.

शिरीष पुठ्ठ्याची घडी नीट करत बसला.

“कधीपासून खोटं सांगायलास?”

“सगळे काय खोटे नव्हते रे,” तो म्हणाला. “काही खरंच चांगले पडलेत. सोड की भावा, खेळ आहे.”

खेळ आहे! सापांच्या विहिरीतनं मुंगूस वर आला तेव्हा ह्यांनी मला खांद्यावर घेऊन गच्चीभर नाचवलं होतं. राणीच्या पेटीतली विषारी सुई काढली तेव्हा दिग्यानं पेढे आणले होते, खरे पेढे, माळकर तिकटीवरनं. मी त्यातले दोन आईला नेले. आणि ह्या दोघांना माहीत होतं. दिग्यालाही. मी त्याच्याकडं बघितलं तर त्यानं नजर फरशीवर टाकली.

मी उठलो. पुठ्ठा उचलला आणि खोलीबाहेर भिरकावला. तो टाकीला आपटून उन्हात पडला. मग मी वाळूचं घड्याळ घेतलं. शिरीषला वाटलं, तेही फेकतोय. मी ते टेबलाच्या मध्ये ठेवलं. उभं नाही, आडवं. वाळू दोन्हीकडं सारखी पसरली आणि थांबली.

“म... म...”

“मी जातो म्हणतोस?” दिग्या उठायला लागला. “चल, मी सोडतो तुला घरी.”

मी टेबलावर थाप मारली. फासे उडाले, सरबताचा पेला कलंडला.

“गप बस की रे भडव्या!” मी ओरडलो.

शिव्या मला कधी अडत नाहीत. का ते देवाला ठाऊक. भ असूनही बघा कशी सुटली.

दिग्या मटकन खाली बसला. आयुष्यात मी त्याला पहिल्यांदा शिवी दिली होती.

“मी सांगणार,” मी म्हणालो. “सापळा. मला म-मेहेरबानी नको तुझी. वेळ दे.”

शिरीषनं आडव्या घड्याळाकडं बघितलं, मग माझ्याकडं. “सांग,” तो म्हणाला.

पुढचं सगळं अडत अडत झालं. ते अडणं मी इथं लिहीत बसत नाही. तुम्ही कंटाळाल, आणि ते काय कागदावर उतरत नाही. पण एकेका वाक्याला किती वेळ लागला म्हणाल तर कलंडलेलं सरबत टेबलावरनं वाहून शाहीनच्या ओढणीपर्यंत पोचलं आणि ती हलली नाही.

“मी हात घालत नाही,” मी म्हणालो. “आधी दाराच्या डाव्या बाजूला बसतो. उकिडवा. झोळीतनं चिमूटभर पीठ घेतो आणि जबड्यात फुंकतो. आत तार असली तर पीठ बसेल तिच्यावर.”

शिरीष थोडा पुढं झुकला. “बसलं. कड्यापासनं वरच्या दातापर्यंत केसासारखी तार आहे. ताणलेली.”

“कापत नाही. कापली की ताण जाईल, आणि जबडा त्याचीच वाट बघत असेल. मेण घेतो, मऊ करतो, तार दाताशी जिथं टेकते तिथं थापतो. मेण घट्ट होईस्तोवर थांबतो.”

“पाणी घोट्यापर्यंत आलंय.”

“येऊ दे. थांबतो मी.”

शाहीन काहीतरी म्हणणार होती, ती थांबली. तिच्या चेहऱ्यावरचं ते मऊ हसू गेलं होतं. ती सिंहाकडं बघत होती. खरंच सांगतो, टेबलावर काही नव्हतं, तरी बघत होती.

“मग तलवारीचं म्यान उभं घालतो जबड्यात, वरच्या आणि खालच्या दातांच्या मध्ये. मिटलाच तर म्यानावर मिटेल. मग चिमट्यानं कड्यात दोरी ओवतो. बोटानं नाही. गाठ मारतो. आणि दोरी सोडत सोडत मागं येतो. लांबनं ओढणार.”

वर्षभर मी हेच करत आलो होतो, फक्त मनात. प्रत्येक सापळा. शिरीष ‘सुटला’ म्हणायचा आणि मी सायकलवरनं घरी जाताना स्वतःला सांगायचो, कसा सुटला ते. कुणी विचारलंच नव्हतं.

शिरीष हसत होता. ते हसू वेगळं होतं, हरत आलेल्या माणसाचं. “आयला भरत्या,” तो म्हणाला. मग त्यानं नेहमीचा शेवटचा प्रश्न विचारला. “कुठं उभा राहून ओढतोस?”

“भ...” मी म्हणालो.

अडलं. ह्या अक्षरावर माझी जन्माची अडचण. जबडा घट्ट झाला, मानेची शीर ताठली, डोळ्यांत पाणी आलं. खालच्या मजल्यावर कुकरची शिट्टी झाली. मी ढकलत होतो. आणि ढकलता ढकलता मला उजव्या भिंतीवरचे हत्ती आठवले. ओळीनं. सगळ्यांच्या सोंडा तुमच्याकडं. रागाच्या भरात मी त्यांना विसरलोच होतो, आणि तोंडात अडलेला शब्द त्यांच्याच बाजूचा होता.

“भुयाराच्या तोंडाशी!” दिग्या एकदम म्हणाला. त्याला राहवलंच नाही. “तो म्हणतोय, पार मागं, भुयाराच्या तोंडाशी उभा राहून ओढतो.”

“भुयाराच्या तोंडाशी,” शिरीषनं झेललं. पटकन, जरा जास्तच पटकन. “बरोबर ना? भुयाराच्या तोंडाशी. उत्तम. तिथं काही धोका नाही.”

दोघं माझ्याकडं बघत राहिले. शाहीनही. तिलाही कळलं होतं, हत्तींचं.

मान हलवायची होती फक्त. तेवढ्यावर मुंगूस वाचत होता. गाडीवरचा कटवडा गिळला तसं गिळायचं, की झालं. सिंह मी खरोखर सोडवला होता. ते तर माझंच होतं. एवढं एक उत्तर दिग्याचं घेतलं तर काय बिघडणार होतं?

“नाही,” मी म्हणालो. “भ... भ... भिंतीला. उजव्या भिंतीला टेकून.”

“भरत्या,” शिरीष म्हणाला, “उजव्या भिंतीवर...”

“दुसऱ्यांदा विचारायचं नाही.”

“अरे पण...”

“शाहीनला विचारलंस? दिग्याला विचारलंस कधी? बोललं ते झालं!”

शिरीषनं तोंडावरनं हात फिरवला. मला वाटलं, हा आता परत माझ्यावर दया करणार. केली असती तर मी तो जिना उतरून गेलो असतो आणि कधीच परत आलो नसतो. हे तो ओळखून होता की नाही, मला माहीत नाही.

“दोरी ओढलीस,” तो अखेर म्हणाला. “कडं फिरलं. म्यान मोडलं नाही, तार सुटली नाही. सिंह गप्प. दार उघडलं. आत उजेड आहे, दिग्या आणि शाहीन बाहेर पडू शकतात.” मग तो माझ्याकडं वळला. “आणि तुझ्या पाठीमागं हत्तीची सोंड सरकली. आत भाला आहे. तेरा किंवा वर पडले तर वाचशील.”

त्यानं फासा उचलला. मी हात पुढं केला. त्यानं तो माझ्या तळव्यावर ठेवला. मी टाकला, उघड्यावर, सरबताच्या ओघळात.

सात.

मी शिरीषकडंच बघत होतो.

“मेला,” शिरीष म्हणाला.

मला हसू फुटलं. थांबेचना. दिग्याला वाटलं मला काहीतरी झालं, त्यानं माझं मनगट धरलं, मी ते झटकलं. राग गेला नव्हता माझा, अजूनही तो सगळा गेलाय असं म्हणणार नाही. पण मला कुणीतरी मारलं होतं! तोंडातनं निघालेल्या शब्दावर, सगळ्यांसारखं!

आम्ही बाहेर टाकीपाशी आलो. ऊन उतरायला लागलं होतं. शाहीननं पेले आणले. शिरीषनं खडू घेतला आणि दिग्याच्या योद्ध्यांच्या खाली लिहायला सुरुवात केली. ‘मुं’ लिहून झालं होतं.

“थांब,” मी म्हणालो. “नाव मी घ्यायचं.”

“घे की. मुंगूस.”

“नाही. म... म...”

खडू हवेत थांबला. दिग्याचं तोंड उघडलं. शब्द त्याच्या जिभेवर आलेला मला दिसला, कुठला ते देव जाणे. मी त्याच्याकडं बघितलं. त्यानं स्वतःच्या तोंडावर हात दाबून धरला, लहान पोरासारखा. शाहीन पेला घेऊन उभी राहिली. टाकीत पाणी पडत होतं. मी अडलो, परत पहिल्यापासनं आलो, परत अडलो. तिघंही थांबले.

“माणिक,” मी म्हणालो.

आम्ही सरबत ओतलं. शिरीषनं तळव्यानं ‘मुं’ पुसलं आणि ‘माणिक’ लिहिलं.

दिग्यानं तोंडावरचा हात काढला. डोळे लाल झाले होते त्याचे. “मुंगूस नव्हतं नाव?” त्यानं विचारलं.

“नव्हतं.”

“आणि कटवडा?”

मी मान हलवली, नाही म्हणून.

“मग एवढी वर्षं बोलला का नाहीस, लेका?” दिग्या माझ्यावर ओरडला. चांगला, घसा ताणून, खालच्या बोळापर्यंत जाईल असा. “का नाही बोललास?”

“ब... ब...” मी म्हणालो. तो थांबला. पूर्ण थांबला.

“बोलतच होतो,” मी म्हणालो.